बोल्टमधला हायड्रोजन : शोषलेला, विद्राव्य की विरघळलेला?

भोसरीतल्या एका प्लेटिंग (धातूचा मुलामा देण्याच्या) कारखान्यात गुणवत्ता तपासणी करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे : अहवाल मराठीत लिहिताना बोल्टमधल्या हायड्रोजनला ‘शोषलेला’ म्हणायचं, ‘विद्राव्य’ की ‘विरघळलेला’?

‘विद्राव्य’ तर नकोच. पेय म्हणजे पिण्याजोगं, खाद्य म्हणजे खाण्याजोगं, तसं विद्राव्य म्हणजे विरघळू शकणारं. अहवालात झालेली गोष्ट सांगायची असते.

‘शोषलेला’ चूक नाही, पण तो वायू आत कसा आला एवढंच सांगतो. आम्लात गंज काढताना आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. बरेचसे जोडीजोडीने बुडबुड्यांत निघून जातात, काही आत शिरतात. आत शिरणं हे शोषण, नुसतं पृष्ठभागाला चिकटणं हे अधिशोषण. हा ‘अधि’ गाळू नका. नमुन्यावर ओल किंवा तेल राहिलं तर त्यातला हायड्रोजनही मोजणीच्या आकड्यात मिसळतो, म्हणून आतलं आणि वरचं वेगळं राहायलाच हवं.

आत गेलेले अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत पसरतात. घन धातूत वायू ‘विरघळला’ हे कानाला चमत्कारिक लागेल, पण ते खरोखर द्रावणच आहे. मात्र सगळे अणू असे मोकळे नसतात. काही सूक्ष्म पोकळ्यांत किंवा अशुद्धीच्या कणांपाशी अडकतात.

म्हणून ‘विरघळलेला’ही पुरा पडत नाही; मी शब्द मोजणीच्या पद्धतीवरून ठरवीन. ग्राफाइटच्या मुशीत नमुना वितळवला की मोकळा, अडकलेला सगळाच वायू बाहेर येतो. तो ‘एकूण हायड्रोजन’. न वितळवता नुसता तापवून जो निघतो तो ‘विसरणशील’, म्हणजे धातूतून सरकत बाहेर पडू शकणारा. वेल्डिंगवाले हाच 100 ग्रॅम धातूमागे मिलिलिटरमध्ये सांगतात; 1 मिलिलिटर म्हणजे वजनाने साधारण 0.9 पीपीएम (दहा लाखांत 0.9 भाग). मला ‘विसरणशील’पेक्षा ‘फिरता हायड्रोजन’ आवडतो, शॉपफ्लोअरवर तो लगेच कळेल. हा साध्या तापमानालाही निसटत राहतो, म्हणून वेल्डचे नमुने मोजेपर्यंत द्रवरूप नायट्रोजनसारख्या अतिथंड द्रवात ठेवतात. आणि उच्च ताकदीचा बोल्ट आवळल्यावर काही तासांनी अचानक तुटतो तो याच्यामुळेच. प्लेटिंगनंतर बेकिंग करतात, म्हणजे बोल्ट भट्टीत तापवतात, ते हा घालवायला.

अहवालात मी असं लिहीन : ‘एकूण हायड्रोजन (वितळवून), पीपीएम वजनाने’ आणि त्याखाली स्वतंत्र ओळीत ‘फिरता हायड्रोजन (न वितळवता)’, तापवल्याचं तापमान आणि वेळ यांसह.