रिपोर्टात ‘रिंग’ लिहिलंय म्हणजे ट्यूमरच ना?

प्रश्न हडपसरहून आलाय: आईला फिट आली, एमआरआयच्या रिपोर्टात ‘रिंग एन्हान्सिंग लीजन’ (औषध टोचल्यावर कड्यासारखी उजळणारी गाठ) लिहिलंय, हा ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची गाठ) की मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ)?

मेनिंजिओमा बाजूला ठेवा. तो मेंदूत नसतोच, आवरणातून वाढतो आणि मेंदूला बाहेरून दाबतो. कॉन्ट्रास्टनंतर, म्हणजे शिरेतून उजळवणारं औषध दिल्यावर, सहसा अख्खा एकसारखा उजळतो, कडेला आवरणाची शेपटी दिसते. कानाच्या नसेचा श्वानोमा (नसेच्या वेष्टनाची गाठ) आणि पिट्यूटरीची गाठ यांची तर जागाच बोलते.

उरलं कडं. जाड, वेडंवाकडं, मध्ये सडलेला भाग, कधी कॉर्पस कॅलोझम (मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल) ओलांडून पलीकडे गेलेलं असेल तर ग्लायोब्लास्टोमाचा, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमाचा, संशय. करड्या-पांढऱ्या भागाच्या सीमेवर अनेक कडी असतील तर दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाची शंका, म्हणून आधी फुप्फुस आणि स्तन तपासा. डिफ्युजनवर (पाण्याची हालचाल दाखवणारं एमआरआयचं चित्र) कड्याच्या आत पांढरं आणि एडीसीवर (त्याच्याच जोडीचं चित्र) तिथंच काळं दिसलं, तर बहुधा पू. टीबीची गाठ बहुतेक २० मिमीपेक्षा मोठी, ओबडधोबड, एकमेकींना चिकटलेली. टी-टू या एमआरआयच्या चित्रावर मधला भाग काळपट असू शकतो. आणि २० मिमीच्या आतलं, पातळ गोल कडं, आत एक टिंब? ते टिंब म्हणजे टेपवर्मच्या अळीचं डोकं. सिस्टिसर्कोसिस, म्हणजे डुकराच्या टेपवर्मच्या अळीची गाठ. आपल्याकडे फिट येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

इथं हमखास ऐकू येतं, ‘आम्ही शुद्ध शाकाहारी, आमच्याकडे कसला डुकराचा जंत!’ चूक. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर टेपवर्म आतड्यात होतो. मेंदूतली गाठ होते ती त्याची अंडी पोटात गेल्यावर, आणि ती येतात टेपवर्म असलेल्या माणसाच्या न धुतलेल्या हातांतून, मैल्याच्या पाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीतून, भेळेवरच्या कच्च्या कांद्यातून. सदाशिव पेठेतलं सोवळं त्याला आडवं येत नाही. त्यामुळे ‘शाकाहारी’ हे ऐकून कोणी हे निदान खोडत असेल, तर त्याचं ऐकू नका.

अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध मात्र परस्पर सुरू करायचं नाही. अळी मरताना मेंदूत सूज येते, म्हणून सोबत स्टेरॉइड लागतं, आणि आधी डोळ्याचा पडदा तपासावा लागतो, कारण सिस्ट (अळीची पिशवी) डोळ्यात असला तर नजर जाऊ शकते. उलट लिम्फोमाची (लसिका पेशींचा कर्करोग) शंका असेल तर बायोप्सीआधी, जीवावर बेतलेलं नसेल तर, स्टेरॉइड टाळतात. त्याने गाठ विरते आणि बायोप्सीच्या तुकड्यात काहीच सापडत नाही.

हे सगळं चित्रावरचे अंदाज. ग्लायोमाचं नेमकं नाव २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणाप्रमाणे आयडीएच आणि १पी/१९क्यू हे गाठीतले जनुकीय बदल तपासूनच ठरतं. न्यूरोसर्जनकडे जाताना नुसता रिपोर्ट नको, सीडी न्या. कॉन्ट्रास्ट आणि डिफ्युजन त्यातच असतात.