‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वात कथा मागे नेण्याचा निर्णय चुकला का?

आपण विचारले आहे की, ‘रात्रीस खेळ चाले’ या भयमालिकेचे दुसरे पर्व पुढे न नेता मागे नेले आणि ज्यांच्या मृत्यूपासून पहिले पर्व सुरू झाले होते त्या अण्णा नाईकांनाच जिवंतपणी दाखवले, त्यामुळे मालिकेतली भीती संपली का आणि तो निर्णय चुकला का. माझ्या मते त्या मालिकेतला सर्वांत चांगला निर्णय तोच होता. भीती ओसरली ती तिसऱ्या पर्वात, आणि तिचे कारण निराळे आहे. मी सिंधुदुर्गात राहते. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या ज्या वाड्यात या मालिकेचे चित्रीकरण झाले, तशी घरे आमच्या नित्य पाहण्यातली असल्यामुळे आमच्याकडे या मालिकेवर झालेली चर्चा भुतांपेक्षा घरांविषयीच अधिक होती.

पहिले पर्व २०१६ साली फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात चालले. अण्णा जातात, मुंबईहून त्यांचा मुलगा माधव आणि सून नीलिमा येतात, घरात राहून सारे पाहणारे दुसरा मुलगा दत्ता आणि त्याची बायको सरिता असतात, मुलगी छाया असते, धाकटा मुलगा अभिराम असतो, आणि पुढे अण्णांची मुलगी म्हणून सुषमा दारात उभी राहते. कोकणात घरचा कर्ता पुरुष गेला की एकीकडे दिवसकार्य चालते आणि दुसरीकडे वारसनोंदीचा विषय निघतो. तलाठ्याकडे कोणाची नावे द्यायची, यावर तेराव्याच्या आतच आवाज चढलेले मी पाहिले आहेत. मालिकेने हे नेमके हेरले होते. वाड्यात रात्री काय फिरते याची भीती आणि भावाच्या मनात काय आहे याची भीती, या दोन्ही एकाच पडवीत आणून बसवल्या होत्या. मालिकेमुळे अंधश्रद्धा पसरते आणि कोकणाची बदनामी होते, असे आक्षेप तेव्हा आमच्याच भागातून निघाले; परंतु प्रत्येक प्रसंगाला कार्यकारणभाव विचारणारी नीलिमा त्याच घरातली सून म्हणून दाखवली होती, हे आक्षेप घेणाऱ्यांनी पुरेसे लक्षात घेतले नाही असे मला वाटते.

अशा कथेची अडचण ही असते की, ‘हे कोण करते आहे’ या प्रश्नावर ती उभी असते. त्याचे उत्तर मिळाले की पुढे नेण्यासाठी नवा मृत्यू, नवा संशयित आणि नवे रहस्य आणावे लागते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी प्रेक्षक दचकणे सोडून देतो. जानेवारी २०१९ मध्ये दुसरे पर्व आले ते हा मार्ग टाळून. ‘कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हे घर असे का झाले’ हा प्रश्न त्याने हाती घेतला. माधव अभ्यंकरांचे अण्णा समोर आले, त्यांचा दरारा, जमिनीची हाव आणि बायकांकडे पाहण्याची नजर दिसू लागली, आणि पहिल्या पर्वात केवळ सावली असलेल्या माणसाची घरावरची पकड किती घट्ट होती हे कळले.

शेवट ठाऊक असल्यामुळे उत्सुकता मेली, असे जे म्हटले जाते ते मला मुळीच पटत नाही. पहिल्या पर्वात माहेरी दिवस काढणारी विधवा छाया ज्याने पाहिली आहे, त्याला दुसऱ्या पर्वात तीच छाया लग्नाच्या गोष्टी ऐकून लाजते तेव्हा जे वाटते, ते नव्याने पाहणाऱ्याला वाटणार नाही. पुढे काय होणार हे आपल्याला कळलेले असते आणि पडद्यावरच्या माणसांना नसते, या अंतरातच दुसऱ्या पर्वाची सारी भीती होती. दचकण्याचे प्रसंग कमी झाले हे खरे आहे, पण त्या जागी एक सततची धास्ती आली, आणि कौटुंबिक कथेला ती अधिक शोभते.

सर्वांत जास्त वाद झाला तो अण्णांच्या पत्नी माईंवरून. अण्णांचे शेवंताशी असलेले प्रकरण उघड झाल्यावरही माई घरात का राहतात, पोरांना घेऊन निघून का जात नाहीत, लेखकाने त्यांना इतके सोसायला का लावले, हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. आमच्या शेजारच्या एका तरुण सुनेने आमच्या खळ्यात बसून तावातावाने म्हटले होते, “माईन तेका पयल्याच दिवशी घराभायर काढूक व्हयो होतो.” तिथेच नारळाची चुडते विणत बसलेल्या माझ्या आतेने मान वर न करता विचारले, “घर कोणाचा? सातबाऱ्यार नाव कोणाचा आसा?” त्यावर कोणाला काही बोलता आले नाही. माईंचे गप्प राहणे हा लेखनातला कमकुवतपणा नाही. ज्या पिढीतल्या बायकांच्या नावावर ना घर होते ना बागायत, त्यांच्यापुढे जो मार्ग उरत होता तोच लेखकाने दाखवला. या मालिकेत घरगडी पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर लेखनातही होते. मालवणी घरातले हे मौन बाहेरून पाहून लिहिता येत नाही. ते आतूनच यावे लागते.

दुसऱ्या पर्वात दोष नव्हता असे मात्र नाही. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता लोकांना इतकी आवडली की कथा अण्णा आणि तिच्या भेटीगाठींभोवती फार रेंगाळली. शेवंताचा नवरा पाटणकर, त्याच्यासारख्या साध्या माणसाच्या संसाराची जी राखरांगोळी होत होती, तिच्याकडे पाहायला मालिकेला पुरेसा वेळ उरला नाही. अण्णा हे भयंकर गृहस्थ आहेत ही जाणीव पातळ होत गेली आणि काही प्रेक्षकांना ते चक्क आवडू लागले. टाळेबंदीत काही महिने चित्रीकरण थांबले, मालिका ऑगस्ट २०२० मध्ये संपली, आणि शेवटाकडची घाई जाणवली. तरीही ही चूक कथा किती ताणावी यातली आहे. कथा मागे नेण्याच्या मूळ निर्णयाला ती चिकटवणे योग्य नाही.

मार्च २०२१ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता मेल्यानंतर पुन्हा अवतरले, आणि इथे माझा खरा आक्षेप आहे. ते दिसले याला माझी हरकत नाही; ते जिवंत माणसांसारखे बोलू लागले, बेत आखू लागले, एकमेकांशी संवाद करू लागले, याला आहे. आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे जागेचे रक्षण करणाऱ्या अदृश्य शक्तीला, गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा बोलतो तो माणूस. “बा देवा म्हाराजा” म्हणून गाऱ्हाणे सुरू होते, जमलेले लोक प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणतात, आणि पलीकडून शब्द येत नाही. देवळात कौल लावला तर पाषाणावरची पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, एवढेच उत्तर मिळते आणि त्याचा अर्थ माणसांनाच लावावा लागतो. अवसर येतो, म्हणजे कोणाच्या अंगात देव येतो, तेव्हा शब्द येतात हे मान्य, पण तेही जिवंत माणसाच्या तोंडून येतात आणि गाव समोर उभे राहून त्याला प्रश्न विचारते. अदृश्याची जी धास्ती या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे ती त्याच्या न बोलण्यामुळे. मालिकेने अण्णांना मेल्यावरही पानभर संवाद दिले, आणि मेलेले अण्णा जिवंत अण्णांपेक्षा कमी भीतिदायक झाले. त्यात शेवंताची भूमिका मध्येच कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली. त्यांच्या अभिनयाविषयी माझी तक्रार नाही, पण ज्या चेहऱ्यावर प्रेक्षकाचा सारा पूर्वसंबंध उभा होता तो बदलल्यावर ते नाते नव्याने जोडायला कथेने वेळच दिला नाही.

माझ्या दृष्टीने तिसरे पर्व माईंचे असायला हवे होते. अण्णांचा शब्दही न ऐकवता, त्यांची खुर्ची, त्यांच्या सहीचे कागद आणि त्यांनी बळकावलेल्या जमिनींचे मूळ मालक यांच्याशी माई आणि मुलांना झगडावे लागले असते. हडपलेली जमीन परत करायची की नाही, या एका प्रश्नावर ते तिघे भाऊ आणि छाया कशी वेगवेगळी झाली असती हे पाहायला मला फार आवडले असते.

आपण ही मालिका आता पहिल्यांदा पाहणार असाल तर घटनांच्या क्रमाने, म्हणजे दुसरे पर्व आधी आणि पहिले नंतर, असे पाहू नका. काही जण तसा सल्ला देतात, पण त्याने छायाचे लाजणे आणि माईंचे गप्प राहणे या दोन्ही गोष्टी साध्या प्रसंगांसारख्या निघून जातील. पहिले पर्व आधी पाहा, मग दुसरे. तिसऱ्याचे सुरुवातीचे भाग पाहून पुढचे आपले आपण ठरवावे.