दुसरा करकरतो, तिसरा सुटतो

प्रश्न : माझी फोर-बाय-फोर २५ वर्षांची आहे. पाच गिअर, मागे वेगळा ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी). गाडी न्यूट्रलला उभी असताना खालून घरघर येते, क्लच दाबला की थांबते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना करकर होते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की तिसरा गिअर आपोआप सुटून लिव्हर न्यूट्रलला येतो. गॅरेजवाले म्हणतात, खोलण्यात अर्थ नाही, वापरलेला दुसरा बॉक्स बसवून टाकू. काय करावे?

उत्तर : एवढ्यात हो म्हणू नका. या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि तिन्हींचा दोष गिअरबॉक्सच्या पोटातच असेल असे नाही. बॉक्स उतरवायच्या आधी निम्मे निदान गाडी चालवून होते. ते न करता बॉक्स खाली घेणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

आधी घरघर. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना इंजिनकडून ताकद घेणारा इनपुट शाफ्ट आणि त्याने फिरणारा खालचा ले-शाफ्ट, एवढे दोनच शाफ्ट फिरतात. चाकांकडे ताकद नेणारा मेन शाफ्ट गाडीबरोबर उभा असतो. क्लच दाबल्यावर ते दोघेही थांबतात आणि आवाज जातो, म्हणजे संशय इनपुट बेअरिंगवर किंवा ले-शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट झाले असते, म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर मी क्लच दाबणारे रिलीज बेअरिंग किंवा इनपुट शाफ्टचे पुढचे टोक धरणारे पायलट बेअरिंग म्हटले असते.

आता दोघांतला कोण ते रस्त्यावर ठरवा. मॅन्युअलमध्ये ज्या गिअरचे गुणोत्तर १:१ लिहिले आहे तो डायरेक्ट गिअर. पाच गिअरच्या अशा जुन्या बॉक्समध्ये बहुतेक वेळा तो चौथा असतो. त्यात इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट सरळ जोडले जातात. ले-शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर ओझे नसते. बाकी सगळ्या गिअरमध्ये ताकद त्याच्यातूनच जाते. मोकळा, सपाट रस्ता बघा, प्रत्येक गिअरमध्ये थोडा जोर देऊन ऐका. पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा घरघरतात आणि चौथ्यात गाडी एकदम गप्प होते, तर ले-शाफ्टच. चौथ्यातही आवाज तसाच राहिला तर इनपुट बेअरिंग. आवाज गिअरप्रमाणे न बदलता फक्त गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर मेन शाफ्टच्या मागच्या बेअरिंगकडे, ट्रान्स्फर केसकडे किंवा चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसकडे (सांध्याकडे) बघा. क्रॉस खराब असताना गिअरबॉक्स खोललेला मी पाहिला आहे, म्हणून हे सांगतो.

दुसऱ्या गिअरची करकर. आधी क्लच नीट सुटतो का बघा. इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला बहुधा सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे तो खोटे बोलत नाही. मोजल्यावरही दाते घासले तर क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिकमध्ये हवा आहे का, सिलिंडर गळतो का ते बघा. रिव्हर्स गुपचूप पडला तर पुढची चाचणी घ्या. तिसऱ्यावरून न्यूट्रल, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला हलका टोला, पुन्हा क्लच, मग दुसरा. असे केल्यावर लोण्यात सुरी जावी तसा गिअर पडला तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग संपली आहे. तिच्या आतल्या बारीक रेषा तेलाचा थर कापून गिअरच्या निमुळत्या कोनला पकडतात. त्या गुळगुळीत झाल्या की रिंग पकडायचे सोडून नुसती घसरते. बॉक्स खोलल्यावर रिंग कोनवर हाताने दाबून फिरवून बघा, अडली पाहिजे. मग रिंग आणि गिअर यांच्यातली फट फिलर गेजने मोजा. अनेक बॉक्समध्ये नव्या रिंगला ती १ मिमीच्या आसपास असते, अर्ध्या मिमीवर आली की रिंग बाद. तरी तुमच्या मॅन्युअलचा आकडा प्रमाण माना.

तिसरा सुटणे. पाय काढला की दात्यांवरचा जोर उलट्या बाजूला येतो. स्लीव्ह (गिअर शाफ्टला जोडणारी सरकती कडी) ज्या दात्यांवर चढते त्यांना मागे बारीक उतार दिलेला असतो, त्यामुळे जोर आला की स्लीव्ह आत ओढली जाते. तो उतार झिजून गोल झाला की तीच स्लीव्ह बाहेर ढकलली जाते. पण त्याआधी बिनखर्चाची गोष्ट : गाडीखाली जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग बघा. रबर बसले असेल तर बॉक्स खाली झुकतो आणि तिसऱ्यात लिव्हर फ्लोअरच्या कडेला टेकून पूर्ण जात नाही. त्यानंतर लिव्हर सरकवतो त्या शिफ्ट रेलला जागेवर धरणारी स्प्रिंग आणि गोळी, स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कची झीज, मेन शाफ्टचा पुढे-मागे प्ले (ढिलाई). लिव्हर हाताने दाबून धरून चालवू नका, फोर्क जळतो. लिव्हरवर कायम हात ठेवून चालवायची सवय असेल तर तीही मोडा. फोर्क तिथेच झिजतो.

आता तेल. गाडी चालवून गरम झाल्यावर काढा, पण आधी भरायचे बूच उघडा, मग खालचे. वरचे बूच गंजून अडकले असेल आणि तेल काढून झाले असेल तर गाडी जागेवरच बसली. बुचाच्या मॅग्नेटवर काळसर राखाडी लेप असतो तो साधा, बोटात चोळल्यावर मऊ लागतो. तेलात सोनेरी चमक दिसली तर सिंक्रोच्या रिंगा. सुईसारखे किंवा कोपरे असलेले तुकडे निघाले तर गाडी पुढे चालवू नका. तेव्हाच ट्रान्स्फर केसची पातळीही बघा. गिअरबॉक्समध्ये कमी आणि तिथे वाजवीपेक्षा जास्त निघाले तर दोघांमधला सील गेला आहे. बॉक्स कोरडा पडण्याचे हे नेहमीचे कारण आहे, बाहेर एक थेंब दिसत नाही.

वापरलेला बॉक्स म्हणजे न ऐकलेला आवाज विकत घेणे. तुमच्या वर्णनावरून हा दुरुस्त होणारा आहे. केसला तडा असेल, बेअरिंग केसमध्ये फिरून जागा खाऊन बसली असेल किंवा ले-शाफ्टच्या दात्यांचे पापुद्रे निघाले असतील तरच बदलायचा विचार करा. खोललाच तर सगळी बेअरिंग, सगळे सील आणि सिंक्रो रिंगा एकदम बदला. एकच बेअरिंग बदलून बंद केलेला बॉक्स पुन्हा खाली येतो. मेन शाफ्टवरची गिअरखालची जागा नखाने तपासा. निडल रोलर (सुईसारखे बारीक रोलर) जिथे फिरतात तिथे खाच लागली तर नवे रोलरही टिकणार नाहीत. गिअर बदलायचा झाला तर त्याच्याशी दाते जुळणाऱ्या गिअरसह, जोडीने. हब (स्लीव्ह ज्यावर सरकते तो भाग) आणि स्लीव्ह काढण्यापूर्वी खूण करा. बॉक्स बसवताना त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, क्लच प्लेट वाकते.

प्रश्न : नदी ओलांडल्यावर बॉक्समधले तेल दुधाळ झाले. सील बदलले, पुन्हा तेच.

उत्तर : सील नव्हे, ब्रीदर (बॉक्समधली हवा ये-जा करायची छोटी वाट) बघा. गरम बॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर बॉक्स सीलमधून पाणी ओढतो, सील नवा असला तरी. ब्रीदर साफ करा, त्याला नळी लावून बॉनेटखाली उंच न्या. तेल दोनदा बदला, एकदा टाकून थोडे चालवल्यावर पुन्हा. तेल मॅन्युअलमध्ये लिहिले तेच घाला. जीएल-४ सांगितले असताना जास्त चांगले म्हणून जीएल-५ घालू नका (हे गिअर तेलाचे दर्जे). त्यातली रसायने काही बॉक्समध्ये पितळी रिंगांना खातात आणि सिंक्रोची पकडही कमी होते.

प्रश्न : फोर-व्हीलचा लिव्हर डांबरी रस्त्यावर अडकून बसतो. ट्रान्स्फर केस गेला का?

उत्तर : बहुधा नाही. सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसलेल्या गाडीत फोर-व्हील लावून पक्क्या रस्त्यावर वळलात की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळतात आणि त्या ताणाने लिव्हर अडकतो. काही मीटर सरळ मागे घ्या, लिव्हर सुटेल. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे आहेत का, तेही बघा.