लॉगबुकची बेरीज जुळतेय ना?

प्रश्न : 200 तास उड्डाण झालं, सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात आलं. एअरलाइनच्या भरतीआधीच टाइप रेटिंग (एका ठराविक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) करून ठेवू का?

उत्तर : घाई नको. एअरबस ए320 चं रेटिंग केलंत आणि जागा बोइंग 737 च्या निघाल्या, तर लाखो रुपये अडकले म्हणून समजा. आधी लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची नोंदवही, उघडा. प्रत्येक पानाची बेरीज पुन्हा मारा. पुढच्या पानावर एक आकडा चुकीचा ओढला गेला, की शेवटपर्यंत तीच चूक चालत राहते. सिम्युलेटरचे तास उड्डाणात मिसळू नका. खाडाखोड तर नकोच. चूक सापडली, तर तिच्यावर एक रेघ मारून शेजारी सही करा. क्लास 1 मेडिकल (वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) चाळिशीच्या आत 12 महिनेच चालतं, तारीख बघा. मुलाखतीत ‘स्टॉल (पंखांची उचल अचानक घटणं) का होतो?’ विचारलं तर ‘वेग कमी पडला’ एवढ्यावर थांबू नका. खरं कारण अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन. तो मर्यादेपलीकडे गेला, तर भरपूर वेगातही स्टॉल होतो.