अंगणातली आणि परसबागेतली कामे नियमित कार्डिओ व्यायामाची जागा घेऊ शकतात का?

होय, घेऊ शकतात. मात्र काम श्वास वाढवणारे असले पाहिजे आणि ते आठवडाभरात पुरेसा वेळ झाले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी, आणि या हिशेबात घरकामही धरले जाते. एका वेळी निदान १० मिनिटे सलग हालचाल हवी, ही जुनी अटही आता उरलेली नाही. कामाचा जोर ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बोलणे: माडाभोवती कुदळीने आळे खणताना किंवा खराट्याने मोठे अंगण झपाझप झाडताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, म्हणजे ते मध्यम काम झाले, दोन-चार शब्दांनंतरच दम घ्यावा लागला तर जोरकस. नळीने झाडांना पाणी घालणे किंवा कुंड्यांतले तण उपटणे चांगलेच, परंतु त्याने हृदयाची गती फारशी वाढत नाही, म्हणून ते या मिनिटांत धरू नये. खरी अडचण सातत्याची आहे, कारण पावसाळ्यापूर्वी बागेत भरपूर राबणारी माणसे पाऊस लागला की घरात बसतात आणि कमावलेला दम काही आठवड्यांतच कमी होऊ लागतो; तेव्हा काम नसलेल्या दिवसांत भरभर चालणे ठेवावेच. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास खणणे, जड ओझी उचलणे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे.