रेवस ते आंबोली, भर पावसात, एकट्याने

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

रेवसहून निघून सागरी मार्गाने सावंतवाडी गाठायची आणि शेवटी आंबोलीचा घाट चढून वरच्या सदाहरित जंगलात जायचं, तेही पावसात, सायकलवर आणि एकट्याने. तुझा बेत मला आवडला. पत्रात तू बिबट्या, साप आणि जळवांबद्दल बरंच विचारलंस, पण ब्रेकबद्दल एक अक्षर नाही. म्हणून आधी ब्रेकचंच सांगतो.

कोकणातला लाल चिखल म्हणजे झिजलेला जांभा. त्यात बारीक, टणक कण असतात. ओल्या रस्त्यावरून ते उडून रिमवर बसतात, आणि ब्रेक दाबला की पॅड आणि रिम यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखे घासतात. कोरड्या हवेत वर्षभर पुरणारे पॅड इथे आठवड्यात संपू शकतात. रोज संध्याकाळी मुक्कामावर पॅड काढून उजेडात धर. काळ्या रबरात चमकणारे ठिपके दिसले तर ते तुझ्या रिमचं ॲल्युमिनियम आहे. टाचणीने उकरून काढ, नाहीतर दुसऱ्या दिवशी तेच ठिपके रिम खरवडतील. पॅडवरच्या खाचा बुजल्या की पॅड बदल. डिस्क ब्रेक असेल तर रेझिनचे पॅड घरी ठेव आणि धातूमिश्रित, म्हणजे सिंटर्ड पॅड लाव. आवाज करतात, पण पावसात टिकतात. पॅडचा थर एक मिलिमीटरवर आला की संपला असं समज. ब्रेक कोणताही असो, दोन जोड्या बरोबर हव्यात. वाटेतल्या गावांत तुझ्या मापाचे पॅड मिळतील या भरवशावर निघू नकोस. रिम ब्रेकचा आणखी एक गुण पावसात कळतो: पहिले एक-दोन फेरे तो फक्त रिमवरचं पाणी पुसतो, पकड त्यानंतर येते. म्हणून उतारावर वळण दिसताच हलका ब्रेक धरायला सुरुवात कर, वळणात शिरल्यावर नाही.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण सागरी मार्गाची घडण. नकाशावर किनारा सपाट वाटतो, प्रत्यक्षात दर खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढायचं असतं. साठ किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरच्या आसपास चढ सहज भरतो, आणि जेवढा चढ तेवढाच उतार. म्हणून पावसात दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच धर. सगळा पल्ला साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचा, तेव्हा हाताशी पंधरा दिवस हवेत. त्यातले तीन दिवस कुठे खर्ची पडतील हे आत्ता ठरवू नकोस, ते पाऊस ठरवेल. गिअर हलका लागेल: पुढे सर्वांत लहान चाक 28-30 दात्यांचं, मागे सर्वांत मोठं 34 किंवा 36. सामान बारा किलोच्या वर जाऊ देऊ नकोस.

कधी निघायचं? पुनर्वसू नक्षत्राचा तरणा आणि पुष्य नक्षत्राचा म्हातारा, हे दोन्ही पाऊस जाऊ देत. म्हणजे जुलै सोड. मघा लागल्यावर, ऑगस्टच्या मध्यानंतर, पावसाला उघडीप मिळू लागते. हस्तात, सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस कमी असतो, पण दुपारनंतर विजा असतात, आणि उघड्या सड्यावर सर्वांत उंच वस्तू तूच असशील. गणपतीच्या आधीचे तीन दिवस आणि गौरी जाईपर्यंतचा काळ मात्र पूर्ण टाळ. मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रीघ असते, आणि घराघरांत चाकरमानी आलेले असल्याने पाठ टेकायला जागा मिळत नाही.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांमागचे आकडे माहीत असू देत. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस, 115.6 पासून पुढे अति जोरदार, आणि 204.4 च्या वर गेला तर अत्यंत जोरदार. पिवळ्या इशाऱ्यात चालव. नारिंगी असेल तर सकाळचा लहान टप्पा मार आणि दुपारच्या आत थांब, घाट मात्र नको. लाल असेल तर सायकल पडवीत उभी राहू दे. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. इथे घाटमाथ्यावर पडलेलं पाणी काही तासांत खाडीशी येतं, आणि त्याच वेळी भरती असेल तर त्याला समुद्रात जायला वाट नसते. तू उभा आहेस तिथे ऊन असलं तरी हे घडतं.

म्हणून भरतीचं गणित शिकून घे. मोबाइलला रेंज नसतानाही ते चालतं. पंधरवड्यातली तिथी घे आणि तिची पाऊणपट कर. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. पाऊण तास इकडेतिकडे धर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा खाडीकाठचे सखल रस्ते आणि फरश्या, म्हणजे ओढ्यावरचे बुटके पूल, दुपारी आणि मध्यरात्री पाण्याखाली जाऊ शकतात.

फरशीवरून पाणी वाहत असेल तर उतरू नकोस. घोट्याएवढं दिसलं, माणसं चालत जाताना दिसली, तरीही नाही. सायकलची चाकं आणि बॅगा मिळून पाण्याला मोठा आडोसा होतो आणि प्रवाह तुला सायकलसकट ढकलतो. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशीची कड तुटली आहे का, हे कळत नाही. काठावर दगड ठेवून खूण कर, अर्धा तास बैस, पाणी उतरतंय की चढतंय ते बघ. लहान पऱ्ह्या, म्हणजे ओढा, पाऊस थांबला की तास-दोन तासांत उतरतो. मोठी नदी उतरत नाही, तिथे मागे फिरून मुक्काम शोध.

सागरी मार्गावर फेरीबोटीने ओलांडायच्या चार जागा आहेत: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. सायकल सहज घेतात. पण वारा सुटला की बोट थांबते, म्हणून सकाळची धर, शेवटच्या फेरीवर विसंबू नकोस. दाभोळला बोट चुकली तर चिपळूणवरून वळसा शंभर किलोमीटरच्या वर जातो. आणि धक्क्याचा उतार ओहोटीला नीट बघ. वरचा भाग करडा, कोरडा दिसतो. खालचा, जिथे भरतीचं पाणी रोज येतं, तो हिरवट काळा असतो आणि त्यावर शेवाळाचा पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. तिथे सायकलवर बसून उतरणं म्हणजे पडणं. उतर, सायकल डाव्या हाताला घे, दोन्ही ब्रेक हातात ठेव आणि पाऊल सपाट टाकत जा. असंच शेवाळ झाडांखालच्या सिमेंटच्या रस्त्यावर, गावातल्या पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायवाटांवर, आणि चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीला, लागून असतं. डांबरी रस्त्यावर ते कडेला धरतं, मधल्या चाकोरीत नाही. चाकोरी सोडू नकोस.

टायर 35 ते 40 मिलिमीटर रुंद असावेत. हवा उन्हाळ्यापेक्षा थोडी कमी: 38 चा टायर असेल आणि सामान धरून नव्वदएक किलो वजन असेल तर मागे 50, पुढे 42 पीएसआय. पंक्चर पावसात जास्त होतात, कारण ओलं रबर काच आणि काट्याला लवकर वाट देतं. ठिगळ लावायला ओल्यात बसू नकोस, सोल्युशन धरत नाही. एसटीचा थांबा गाठ, ट्यूब बदल, जुनीला रात्री ठिगळ लाव. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरव. काटा तिथेच असतो आणि तोच दुसऱ्या ट्यूबलाही टोचतो. दोन ट्यूब, पातळ व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या पंपाला बसणारा ॲडॉप्टर, साखळीच्या दोन जोडकड्या, गिअरची एक आणि ब्रेकची एक केबल, तीन आरे, आऱ्यांची चावी, आणि मागचा गिअर ज्या कानाला लटकतो तो हँगर. हा शेवटचा भाग प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. वाकला की कुठल्याही गावात जोड मिळत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच तुझ्या मॉडेलचा मिळव.

साखळीला तेल सकाळी नाही, रात्री. आधी फडक्याने पुसून कोरडी कर, प्रत्येक रोलरवर ओल्या हवेचं तेल एक थेंब, पाच मिनिटं पेडल उलटं फिरव. सकाळी बाहेरचं तेल पुसून टाक. बाहेर राहिलेलं तेल चिखल धरतं, काम आतलंच करतं. डिस्कवर थेंब उडू देऊ नकोस. तीन-चार दिवसांनी सीटचा दांडा काढून सायकल उलटी धर, फ्रेममध्ये साठलेलं पाणी बाहेर येईल.

कपड्यांत एक गोष्ट मान्य कर: तू भिजणार आहेस. जाड रेनकोटात पावसाने नाही तर घामाने भिजशील. पातळ जॅकेट वाऱ्यापुरतं, आत लवकर वाळणारा कपडा. झोपायचे कपडे मात्र खताच्या गोणीतल्या असतात तसल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून दुमडून बांधलेले, आणि कितीही मोह झाला तरी दिवसा ते बाहेर येणार नाहीत. बूट नकोत, पट्ट्यांची सँडल घाल. रात्री पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कर. पाचव्या दिवशी बेचकीत चिखल्या झाल्या की पेडल मारणं नकोसं होतं.

पावसात तहान लागत नाही आणि घाम दिसत नाही. तरी तासाला अर्धा लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ असतं आणि धबधब्याचं वरच्या गुरांतून येतं, म्हणून उकळलेलं किंवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास ठेवलेलंच पी. खाण्याची काळजी नको. सकाळी उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणचं मिळालं तर दुसरं काही शोधू नकोस. पाणी, मीठ आणि ताकद तिन्ही त्यात आहेत.

मुक्कामासाठी दुपारी तीनपासून जागा विचारायला लाग, साडेपाचला सायकल बंद. जंगलात तंबू नको. ओली जमीन, पडणाऱ्या फांद्या, शिवाय वनखात्याची परवानगी लागते. देवळाचा सभामंडप बरा. गुरवाला किंवा पुजाऱ्याला विचार, चपला बाहेर काढ. देवराईत थांबलास तर वाळकी काडीही उचलू नकोस. घराच्या ओटीवर झोपायला सांगितलं तर काका-काकींना आधी सांग कुठून आलास, कुठे चाललास, सकाळी किती वाजता निघशील. वीज जाते आणि टॉवरही बंद पडतो, तेव्हा रोख पैसे हवेत, सुट्ट्या नोटांत.

आता आंबोली. सावंतवाडीपासून तीसेक किलोमीटर, दाणोली सोडली की घाट, माथा सातशे मीटरच्या जरा खाली. हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक. सकाळी सातला दाणोली सोड, म्हणजे पर्यटकांच्या गाड्यांआधी वर पोचशील. धुक्यात मागचा लाल दिवा दिवसाही चालू. कापलेल्या डोंगराखाली, विशेषतः जिथून बारीक दगड सुटताहेत किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी लाल झालंय तिथे, दम खायला थांबू नकोस. रात्री या रस्त्यावर चालवू नकोस, याला आणखी एक कारण आहे: पावसात बेडूक आणि भेक रस्त्यावर येतात. आंबोली भेक 2009 मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदवला गेला, तो याच परिसरातला आहे. चाकाखाली गेलेला एकेक तिथे मोलाचा.

जळू ओढू नकोस, तोंडाकडच्या टोकाखाली नख सरकवून सोडव. रक्त बराच वेळ वाहील, घाबरू नकोस, धुऊन दाबून धर. गवा दिसला तर पन्नास मीटरवर थांब, घंटी वाजवू नकोस, त्याला जाऊ दे. दोडामार्ग-तिलारीकडे वळायचा मोह झाला तर लक्षात ठेव, 2002 पासून तिकडे रानटी हत्ती आहेत. वाट गावकऱ्यांना विचारूनच. साप चावला तर कापू नकोस, आवळून बांधू नकोस, चावलेला भाग हलवू नकोस, 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलाव. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, जंगलातल्या हिरव्या चापड्यावर नाही. म्हणून फांदीला हात घालण्याआधी बघ.

रोज रात्री घरी एका ठरलेल्या माणसाला तीन गोष्टी कळव: कुठे आहेस, उद्या कुठे जाणार, कोणत्या रस्त्याने. दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत निरोप नाही आला तर त्याने कोणाला फोन करायचा, हेही आधी लिहून दे.

आणि परत आल्यावर महिनाभर अंगावर ताप काढू नकोस. साचलेल्या पाण्यातून खरचटलेल्या पायांनी गेलं की लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ शकतो, आणि तो दोन दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो. पोटऱ्या दुखून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पुराच्या पाण्यातून चालल्याचं त्यांनी विचारण्याआधी सांग.

तुझा,
काका