न्यूयॉर्कला आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच जातोय. सबवेने फिरणं जमेल, की टॅक्सीच करावी?

तुम्ही लिहिलंय की सहा दिवस न्यूयॉर्कला जाताय, सोबत सत्तरीतले आईबाबा आहेत, हॉटेल मॅनहॅटनमध्ये आहे, आणि सबवेचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, नकाशा उघडल्यावर धडकीच भरली. विमानतळाचं आणि सुरक्षिततेचंही विचारलंय. मी तिथे अडीच वर्षं राहिले. त्या काळात आधी माझे आईबाबा आणि मग सासूसासरे येऊन गेले, आणि चौघांनाही मी सबवेनेच फिरवलं. त्यामुळे माझं उत्तर: बिनधास्त सबवेने फिरा. दुपारच्या वेळी मॅनहॅटनमध्ये टॅक्सी सिग्नलमागून सिग्नलला अडकत राहते आणि मीटर पळत राहतो. पायऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, त्यावर खाली सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. नकाशा पाठ करायच्या फंदात पडू नका. ४७२ स्टेशनं आहेत, तिथे जन्म काढलेल्यांनाही सगळी माहीत नसतात. त्याऐवजी जिन्याच्या तोंडाशी लावलेली काळी पाटी वाचायची सवय लावा. तिच्यावर तीन गोष्टी असतात: स्टेशनचं नाव, तिथे थांबणाऱ्या गाड्यांची अक्षरं किंवा आकडे, आणि बऱ्याचदा दिशा. पायरी उतरण्याआधी दहा सेकंद थांबून ती वाचली की निम्म्याहून जास्त चुका टळतात.

दिशेपासून सुरुवात करू. 'अपटाउन' म्हणजे उत्तरेकडे, जिथे रस्त्यांचे आकडे वाढत जातात. 'डाउनटाउन' म्हणजे दक्षिणेकडे, जिथे आकडे कमी होत शेवटी संपतात. पाटीवर 'अपटाउन अँड द ब्राँक्स' किंवा 'डाउनटाउन अँड ब्रुकलिन' असं लिहिलेलं असतं (ब्राँक्स आणि ब्रुकलिन हे मॅनहॅटनपलीकडचे शहराचे भाग). छोट्या स्टेशनांवर अनेकदा दोन दिशांचे जिने रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि खालून एका फलाटावरून दुसऱ्यावर जायची सोय नसते. चुकीच्या बाजूने आत गेलात तर बाहेर यायचं, रस्ता ओलांडायचा आणि पुन्हा पैसे भरायचे. आईबाबांच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे एक जिना उतरणं-चढणं वाया जातं. म्हणून पाटीवर फक्त 'डाउनटाउन' असेल आणि तुम्हाला अपटाउनला जायचं असेल, तर समोरच्या फुटपाथवर बघा, दुसरा जिना तिथे असतो.

दुसरी गोष्ट लोकल आणि एक्स्प्रेस. आपल्याकडची धीमी आणि जलद गाडी माहीत असेल, तर तुम्हाला हे अर्धं येतंच. १९०४ च्या २७ ऑक्टोबरला पहिला मार्ग सुरू झाला तेव्हाच त्याच्या बऱ्याच भागात चार रूळ टाकले होते: बाहेरचे दोन प्रत्येक ठिकाणी थांबणाऱ्या गाड्यांसाठी, आतले दोन स्टेशनं गाळत जाणाऱ्यांसाठी. पुढे शहरातल्या बऱ्याच मुख्य मार्गांवर हीच रचना झाली. मोठ्या स्टेशनात एकाच फलाटाच्या एका बाजूला लोकल येते, दुसऱ्या बाजूला एक्स्प्रेस, आणि दोन्ही एकाच दिशेला जातात. दिशा बरोबर आहे म्हणून माणूस निर्धास्त चढतो आणि तिथेच फसतो.

माझ्या आईला नैसर्गिक इतिहासाचं म्युझियम बघायचं होतं. ते ८१ स्ट्रीटला आहे, तिथे बी आणि सी या लोकल गाड्या थांबतात. आम्ही ५९ स्ट्रीट – कोलंबस सर्कलला उभ्या होतो, समोर ए गाडी आली, रिकामी होती, दिशा अपटाउन होती, चढलो. दार लागलं आणि गाडी सुटली ती ७२ ला थांबली नाही, ८१ ला थांबली नाही, खिडकीतून स्टेशनांचे खांब भराभर मागे जाताना दिसत राहिले. ए आणि डी गाड्या दिवसा ५९ नंतर थेट १२५ स्ट्रीटला थांबतात. आईने माझा हात घट्ट धरला होता, तो मला अजून आठवतो. झालं मात्र काहीच नाही. १२५ ला उतरलो, पलीकडच्या फलाटावर गेलो, सी पकडली आणि ८१ ला पोहोचलो. जादा पैसे नाहीत, वीसेक मिनिटं गेली. आईबाबांना हे निघायच्या आधीच सांगून ठेवा: चुकीच्या गाडीत बसलो तरी पुढच्या मोठ्या स्टेशनात उतरून परत येता येतं, आत आहोत तोवर नवीन भाडं पडत नाही. चूक होऊ शकते हे आधीच ठाऊक असलं की ती झाल्यावर घाबरगुंडी उडत नाही.

तुमच्या ठिकाणी एक्स्प्रेसही थांबते की फक्त लोकल, हे चढण्याआधी नकाशावर बघून घ्या. तिथे फक्त लोकल थांबत असेल तर एक्स्प्रेस कितीही रिकामी दिसली तरी सोडून द्या.

रंगांबद्दल. नवखा माणूस 'निळी लाइन', 'लाल लाइन' असं बोलतो, पण तिथे असं विचारलं तर कुणालाच नीट सांगता येणार नाही. रंग गाडीचा नसून तो मॅनहॅटनमधल्या मुख्य रस्त्याचा आहे. एट्थ ॲव्हेन्यूखालून जाणाऱ्या ए, सी, ई निळ्या, सिक्स्थ ॲव्हेन्यूच्या बी, डी, एफ, एम केशरी, ब्रॉडवेच्या एन, क्यू, आर, डब्ल्यू पिवळ्या, सेव्हन्थच्या १, २, ३ लाल आणि लेक्सिंग्टनच्या ४, ५, ६ हिरव्या. मॅनहॅटनच्या बाहेर एकाच रंगाच्या गाड्यांच्या वाटा पार वेगळ्या होतात. म्हणून कायम अक्षर किंवा आकडा बोला.

काही गाड्यांना अक्षरं आणि काहींना आकडे का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. सबवे एका हाताने बांधलेली नाही. दोन खासगी कंपन्या आणि १९३२ पासून शहराची स्वतःची तिसरी यंत्रणा, अशा तिघांनी आपापले मार्ग टाकले आणि १९४० मध्ये सगळं शहराच्या ताब्यात एकत्र आलं. आकड्यांच्या गाड्या सगळ्यात जुन्या कंपनीच्या मार्गांवरच्या, त्यांचे डबे आजही अक्षरवाल्यांपेक्षा अरुंद असतात. एकमेकांचे स्पर्धक असल्यामुळे एकाच नावाची स्टेशनं पुन्हापुन्हा झाली. '२३ स्ट्रीट' नावाची पाच वेगवेगळी स्टेशनं आहेत, पाचही त्याच एका रस्त्यावर, पण पाच वेगळ्या ॲव्हेन्यूंवर, आणि आतून एकमेकांना जोडलेली नाहीत. तेव्हा कुणाला '२३ ला भेटू' म्हणालात तर सोबत गाडीचं अक्षरही सांगा.

पैशांचं सोपं आहे. जुनं पिवळं मेट्रोकार्ड विकणं २०२५ च्या अखेरीस बंद झालं. आता गेटवर आपलं टॅपचं बँक कार्ड, फोन किंवा ओम्नी कार्ड (सबवे-बसचं स्वतःचं टॅपचं कार्ड) टेकवायचं, पडद्यावर 'गो' दिसलं की पुढे व्हायचं. अंतर कितीही असो, भाडं एकच: २०२६ च्या जानेवारीपासून ३ डॉलर. बाहेर पडताना काही टेकवावं लागत नाही. सात दिवसांत तुमचे ३५ डॉलर झाले की त्या सात दिवसांतले पुढचे प्रवास फुकट, त्यासाठी वेगळा पास काढावा लागत नाही. पण इथे एक अट आहे: प्रत्येकाने आपलं वेगळं कार्ड, तेही दर वेळी तेच वापरायचं. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून टेकवलं तर हिशेब दोन वेगळे धरले जातात. मी आईबाबांना स्टेशनातल्या मशीनवरून एकेक ओम्नी कार्ड काढून दिलं होतं. बँकेचं कार्ड गळ्यातल्या पिशवीतून सारखं बाहेर काढावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि टॅप, दोन्ही चालू करून घ्या.

आता पायऱ्या. लिफ्ट असलेली स्टेशनं तीनातलं एखादंच. जिने उंच, अरुंद आणि मधे टेकायला जागा नसलेले. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मी रोज रात्री उद्याची स्टेशनं बघून ठेवायचे. नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेल्या ठिकाणी लिफ्ट असते. टाइम्स स्क्वेअर, ग्रँड सेंट्रल, कोलंबस सर्कल, आणि स्वातंत्र्यदेवतेच्या बोटीसाठी बोलिंग ग्रीन, या चारही ठिकाणी आहे. लिफ्ट त्या दिवशी चालू आहे का, हे एमटीएच्या, म्हणजे सबवे आणि बस चालवणाऱ्या संस्थेच्या, ॲपवर दिसतं. निघण्याआधी नक्की बघा, कारण बंद पडतात. आणि लिफ्ट रस्त्यावर नेमकी कुठल्या कोपऱ्यावर आहे तेही पाहून ठेवा, नाहीतर ती शोधण्यातच पाय दुखतात.

आईबाबा थकले की बसने जा. बसला आपण कमी लेखतो, पण वयस्कर माणसांसाठी ती फार चांगली. पुढचं दार फुटपाथच्या बाजूला खाली झुकतं, बसायला जागा मिळते, खिडकीतून शहर दिसतं. तेच कार्ड, तेच भाडं, आणि सबवेतून उतरून दोन तासांच्या आत बस पकडली तर ती फुकट. शिवाय मॅनहॅटनमधल्या बहुतेक गाड्या उत्तर-दक्षिण धावतात, सेंट्रल पार्क आडवं ओलांडायचं तर बसच लागते. पश्चिमेच्या नैसर्गिक इतिहासाच्या म्युझियमकडून पूर्वेच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे जायचं असेल तर एम ७९ बस पार्कामधूनच जाते.

विमानतळाबद्दल विचारलंय तेही लिहिते. जेएफके विमानतळाहून एअरट्रेनने, म्हणजे विमानतळाच्या स्वतःच्या गाडीने, सबवेपर्यंत यावं लागतं, तिचं भाडं वेगळं. सामान आणि आईबाबा बरोबर असताना मी एअरट्रेनच्या जमैका स्टेशनला उतरून तिथल्याच सटफिन बुलेव्हार्ड या सबवे स्टेशनहून ई गाडी घेईन, तिथे लिफ्ट आहे आणि गाडी सरळ मिडटाउनला, म्हणजे मॅनहॅटनच्या मधल्या भागात, येते. परतताना ए ने जाणार असाल तर गाडीवर 'फार रॉकअवे' किंवा 'रॉकअवे पार्क' हे शेवटच्या स्टेशनचं नाव लिहिलेलं हवं. ए ला फाटे आहेत. लेफर्ट्स बुलेव्हार्डची ए विमानतळाच्या स्टेशनला जातच नाही.

शनिवार-रविवार जरा वेगळे. सबवे चोवीस तास चालते, म्हणून दुरुस्तीला वेळ उरतो तो रात्रीचा आणि सुट्टीचा. बी आणि डब्ल्यू शनिवार-रविवारी नसतातच, एक्स्प्रेस कधी लोकलच्या रुळावरून जाते, कधी एका दिशेने स्टेशनच गाळतात. फलाटावर चिकटवलेले कागद वाचा आणि गाडीतली घोषणा ऐका. बोगद्यात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून वरच असताना मार्गाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा.

सुरक्षिततेची काळजी तुम्ही लिहिली आहे. कामाच्या दिवशी तीस लाखांहून जास्त लोक या गाड्यांनी जातात, आणि त्यात शाळकरी पोरं एकटी असतात, म्हाताऱ्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन असतात. फलाटाच्या पिवळ्या पट्टीपासून लांब, शक्यतो भिंतीकडे उभे राहा. गर्दीच्या वेळी एकच डबा रिकामा दिसला तर त्यात चढू नका, आत एसी बंद असतो किंवा दुर्गंधी असते. उशीर झाला असेल तर गाडीच्या मधल्या डब्यात बसा, तिथे कंडक्टर असतो. तो डबा कुठे थांबणार हे ओळखायची एक खूण आहे: फलाटावर वर टांगलेली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फळी. गाडी थांबली की कंडक्टर खिडकीतून त्या फळीकडे बोट दाखवतो, गाडी बरोबर जागी थांबल्याचं स्वतः पाहिल्याची ती खूण. माझ्या बाबांना हे इतकं आवडलं की पुढे प्रत्येक स्टेशनात ते त्या बोटाची वाट बघायचे.

उन्हाळ्यात जात असाल तर फलाटावर घामाच्या धारा आणि डब्यात कडाक्याची थंडी असते, आईसाठी शाल हाताशी ठेवा. आणि अडलात तर विचारा. लांबलचक प्रस्तावना नको, नुसतं 'अपटाउन?' म्हणून बोट दाखवा. घाईत असलेला माणूसही थांबून उत्तर देतो, मला नकार एकदाही मिळाला नाही.

एक दिवस संध्याकाळी, ऊन कलताना, टाइम्स स्क्वेअरहून डाउनटाउनची क्यू पकडा आणि आईबाबांना उजव्या बाजूच्या खिडकीशी बसवा. कॅनाल स्ट्रीटनंतर गाडी बोगद्यातून वर येते आणि मॅनहॅटन ब्रिजवरून नदी ओलांडते. उजवीकडे ब्रुकलिन ब्रिज, त्यामागे शहराच्या इमारती. अटलांटिक ॲव्हेन्यू – बार्कलेज सेंटरला उतरा, तिथेही लिफ्ट आहे, बाहेर न पडता पलीकडून परतीची क्यू घ्या आणि आता डाव्या बाजूला बसा.